‘वीर्य आढळले नाही’ म्हणजे काय?

(जबलपुरातील मराठी विद्यार्थ्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



वस्तीत एखाद्या बाईवर अत्याचार झाला की ठाण्यात सोबत चला म्हणून हाक तुम्हालाच येते. घरातले पहिले शिकलेले तुम्ही. पुढं प्रयोगशाळेचा अहवालही तुमच्याच हातात देतील. त्यात ‘वीर्य आढळले नाही’ असं असलं, तर घरच्यांना काय सांगाल?

२६ मार्च १९७२ ची रात्र. आजच्या गडचिरोली जिल्ह्यातलं देसाईगंज पोलीस ठाणं, आदिवासी मुलगी, आरोपी दोन पोलीस. तिचं नाव मी घेत नाही. पीडितेची ओळख छापण्यावर १९८३ साली बंदी आली, ती तिच्याच प्रकरणातून उठलेल्या आंदोलनानंतर. डॉक्टरी तपासणी झाली सुमारे वीस तासांनी. योनीतल्या नमुन्यात वीर्य नव्हतं, पण तिच्या कपड्यांवर आणि एका आरोपीच्या पायजम्यावर होतं. सत्र न्यायालयानं तिच्याच चारित्र्यावर बोट ठेवलं. कपड्यांवरचं दुसऱ्या कुणाचं असेल म्हणे! नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयानं १९७८ साली दोघांना सोडलं, कारण तिच्या अंगावर जखमा नव्हत्या. डीएनए चाचणी तेव्हा निघालीच नव्हती. असती तरी तिनं ‘कुणाचं’ एवढंच सांगितलं असतं. संमती होती का, हे कुठलंच यंत्र सांगत नाही.

आता हाथरस. घटना १४ सप्टेंबर २०२० ची, नमुने आग्र्याच्या प्रयोगशाळेत पोचले २५ तारखेला. योनीतले शुक्रजंतू साधारण तीन-चार दिवसांत सापडेनासे होतात. धुतलं तर त्याआधीच. ते मिळाले नाहीत, आणि वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यानं बलात्कार झालाच नाही असं जाहीर करून टाकलं. पुढं सीबीआयनं सामूहिक बलात्काराचं आरोपपत्र ठेवलं. २०२३ साली न्यायालयानं तो आरोप सिद्ध मानला नाही. निकाल काहीही लागो, अकरा दिवसांनी पोचलेल्या नमुन्यावरून ‘झालं नाही’ असं विज्ञान म्हणत नाही. आणि कायद्याला वीर्य लागतच नाही. १८६० च्या दंडसंहितेतही ती अट नव्हती.

उशीर कुणाला होतो? ज्याच्या शेतात मजुरी, त्याच्याच पोराविरुद्ध तक्रार द्यायची, तर आईबाप दोन दिवस नुसते विचार करतात. मग ठाण्यात ‘उद्या या’. अहवालात याचा रकाना नसतो.

म्हणून आधी दवाखाना. गुन्हा नोंदवलेला नसला तरी सरकारी असो की खासगी, मोफत उपचार द्यावेच लागतात. कपडे धुवायचे नाहीत. ओले असतील तर सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवायचे. प्लास्टिकमध्ये बुरशी येते, डीएनए नासतो. आठवडा उलटला तरी कपडे, चादर द्या. वाळलेला डाग शरीरातल्या पुराव्यापेक्षा कितीतरी जास्त टिकतो.

अहवाल आला की आधी तारखा बघा: घटनेची, नमुना घेतल्याची, प्रयोगशाळेत पोचल्याची. मधे ती न्हाली होती का, कपडे बदलले होते का, हे डॉक्टरांच्या कागदावर असायला हवं. तपासणीच्या वेळी तुम्ही सोबत असाल, तर तिथंच लिहून घ्यायला लावा.