राष्ट्राध्यक्षांचं विमान आणि गटाचा टेम्पो

आज हिशोबाच्या वहीतलं जरा लांबचं पान उघडणार आहे, थेट मेक्सिको देशाचं. त्याचं कारण आधी सांगते.

मागच्या आठवड्यात आपला कार्यक्रम ऐकणाऱ्या एका ताईंचा फोन आला. त्यांच्या गटाला भाजी बाजारात न्यायला टेम्पो घ्यायचाय. साधा छोटा हत्ती घ्यावा, की एजंट दाखवतोय तो, मागे थंड पेटी बसवून खास बांधलेला घ्यावा, यावरून गटात दोन तट पडलेत. बोलता बोलता त्या म्हणाल्या, "ताई, आम्हाला एक टेम्पो ठरवता येईना. मग राष्ट्रपतींचं विमान कोण ठरवत असेल, न् कसं?" त्या हसण्यावारी म्हणाल्या, पण माझ्या डोक्यातनं तो प्रश्न काही जाईना.

आधी आपल्या घरचं सांगते. २०२० पर्यंत आपले राष्ट्रपती किंवा पंतप्रधान लांबच्या परदेश दौऱ्यावर निघाले, की एअर इंडियाचं प्रवाशांचं जम्बो विमान काही दिवसांसाठी बाजूला काढायचे. आत फेरबदल करायचे, आणि दौरा संपला की पुन्हा प्रवाशांच्या सेवेत लावायचे. लग्नासाठी शेजारच्याची गाडी मागून आणावी, तसंच म्हणा. २०२० साली खास या कामासाठी तयार केलेली दोन बोइंग ७७७ विमानं आली. ती मध्ये कुठं न उतरता अमेरिकेपर्यंत जातात, क्षेपणास्त्रापासून बचावाची यंत्रणा त्यांच्यात आहे, आणि चालवायला हवाई दलाचे वैमानिक असतात. म्हणजे असं विमान निवडताना नुसती खुर्ची मऊ आहे का, एवढंच बघत नाहीत. किती लांब जाईल, हवेतून देशाशी बोलता येईल का, कुणी हल्ला केला तर काय, असे बरेच प्रश्न असतात.

आता मेक्सिकोकडे वळू. तिथल्या राष्ट्राध्यक्षांचं जुनं विमान वीस वर्षांहून जास्त वापरलेलं होतं. शिवाय २००८ साली त्या देशाचे गृहमंत्री विमान अपघातात गेले, आणि २०११ साली पुढचे एक गृहमंत्री हेलिकॉप्टर अपघातात गेले. त्यामुळं नवं, भरवशाचं विमान हवं, हे म्हणणं काही पोकळ नव्हतं. फेलिपे काल्देरोन राष्ट्राध्यक्ष असताना २०१२ साली बोइंग ७८७ घ्यायचं ठरलं. किंमत साधारण २१ कोटी ८० लाख डॉलर. आजच्या भावानं १८०० कोटी रुपयांच्या पुढे जाते. विमान हप्त्यांवर घेतलं.

या जातीच्या विमानात एरवी सव्वादोनशे-अडीचशे माणसं बसतात. यात खुर्च्या ठेवल्या ८०. राष्ट्राध्यक्षांसाठी झोपायची खोली, न्हाणीघर, बैठकीची जागा, सगळं आत बांधून घेतलं. सगळं तयार होऊन विमान वापरात आलं तेव्हा २०१६ साल उजाडलं. तोवर काल्देरोन पायउतार झाले होते. ज्यानं घेतलं तो बसलाच नाही! बसले ते त्यांच्यानंतरचे एन्रिके पेन्या निएतो, तेही तीनेक वर्षं.

२०१८ च्या निवडणुकीत आंद्रेस मानुएल लोपेझ ओब्राडोर निवडून आले. लोक इतके गरीब असताना असल्या विमानात पाऊल ठेवायची मला लाज वाटेल, असं ते म्हणत. आणि नुसतं म्हणाले नाहीत, ते साध्या प्रवासी विमानानं फिरू लागले. निवडून आल्यावर, पण अजून शपथ व्हायची होती तेव्हा, एकदा पावसामुळं ते तीन तासांच्या वर विमानात अडकून बसले, तरी आपल्या म्हणण्यावरून हलले नाहीत. २०२० साली अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना भेटायला गेले, तेही मध्ये विमान बदलून. खरं सांगू का, मला यातलं सगळंच पटत नाही. देशाचा प्रमुख असा रांगेत उभा राहिला की बघायला बरं वाटतं, पण त्याच्या जिवाला काही झालं तर निस्तरायचं सगळ्या देशाला. तुमचं मत वेगळं असेल.

पण खरी गंमत पुढंच आहे. सरकारनं विमान विकायला काढलं, शपथ झाली त्याच महिन्यात ते अमेरिकेत कॅलिफोर्नियाला नेऊन उभं केलं, आणि गिऱ्हाईकच मिळेना! विमान कंपनीला ते नको, कारण ८० खुर्च्यांत तिचं भागत नाही, आणि आतलं सगळं उखडून पुन्हा अडीचशे खुर्च्या बसवायच्या तर खर्च डोंगराएवढा. एखाद्या श्रीमंताला ते नको, कारण एवढं मोठं विमान सांभाळणार कोण? ते फक्त दुसऱ्या एखाद्या देशाच्या राष्ट्राध्यक्षालाच चालणारं, आणि असे गिऱ्हाईक जगात किती असणार? विमान उभं होतं तरी देखभाल सुटली नाही आणि हप्तेही थांबले नाहीत.

हे वाचताना मला आमच्या गटाचं मिरची कांडप आठवलं. विक्रेत्यानं मोठं यंत्र दाखवलं, आम्ही भुललो. घरी आणल्यावर कळलं की त्याला थ्री फेज वीज लागते, आणि आमच्या वस्तीवर ती रात्रीची यायची. मिरची कांडायला रात्री दोन वाजता कोण येणार? दीड वर्ष यंत्रावर ताडपत्री होती. बँकेला मात्र ताडपत्री दिसत नाही, हप्ता दर महिन्याला जायचा. शेवटी निम्म्याहून कमी किमतीत गेलं. त्या दीड वर्षात दोघी गट सोडून गेल्या, त्या अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

मेक्सिकोत मग राष्ट्राध्यक्षांनी सोडत काढली. ६० लाख तिकिटं, एकेक ५०० पेसोंचं, म्हणजे तेव्हाच्या भावानं सतराशे-अठराशे रुपयांचं. आधी म्हणाले विमानच बक्षीस देऊ. लोक विचारू लागले, ते लावायचं कुठं, अंगणात? मग ठरलं की विमान नाही, रोख द्यायची, प्रत्येकी २ कोटी पेसोंची १०० बक्षिसं. सगळी तिकिटं खपेनात म्हणून सरकारनंच बरीच घेऊन सरकारी दवाखान्यांना वाटली. सप्टेंबर २०२० मध्ये सोडत झाली.

त्यातलं एक बक्षीस चियापास राज्यात, ओकोसिंगो भागातल्या एका आदिवासी गावच्या बालवाडीला लागलं. दोन-अडीच डझन मुलांची बालवाडी. कुणी तरी नाव न सांगता तिच्यासाठी तिकिटं घेऊन दिली होती. पालकांच्या समितीला वाटलं, पांग फिटले. पण गावातली हत्यारबंद टोळी दारात आली, त्या पैशातून आम्हाला बंदुका घेऊन द्या म्हणाली. पालक बधले नाहीत, त्यांनी शाळेच्या छपराला पैसे लावले. पुढं मारहाण आणि धमक्या इतक्या वाढल्या की त्या कुटुंबांना घरदार, गुरंढोरं, शेत टाकून गाव सोडावं लागलं. विमानात बसलं कोण आणि परागंदा झालं कोण, बघा.

विमान विकलं गेलं एप्रिल २०२३ मध्ये. घेतलं ताजिकिस्ताननं, म्हणजे दुसऱ्या एका देशाच्या सरकारनंच. किंमत आली साधारण ९ कोटी २० लाख डॉलर, मूळ किमतीच्या निम्म्याहूनही कमी. त्या पैशातून ग्वेरेरो आणि ओआहाका या गरीब राज्यांत दोन दवाखाने बांधू, असं राष्ट्राध्यक्षांनी जाहीर केलं.

आता फोन करणाऱ्या ताईंसाठी. ताई, थंड पेटीचा टेम्पो वाईट असं मी म्हणत नाही. तुमची भाजी लांबच्या शहरात रोज जाणार असेल, तर तोच लागेल. पण तुम्ही सांगितलंत की बाजार आठवड्यातून दोनदा, तोही तीस किलोमीटरवर. मग रविवारच्या बैठकीत एजंटाला समोर बसवा आणि विचारा, ही पेटी बिघडली तर तालुक्याला दुरुस्त करणारा आहे का? पेटी चालवायला डिझेल किती जास्त जातं? आणि चार वर्षांनी आम्हाला विकायचा झाला, तर आपल्या भागात असा टेम्पो कोण घेतं, त्यातल्या दोघांची नावं द्या. साध्या छोट्या हत्तीला गिऱ्हाईक आपल्या चौकातच उभं असतं, हे तुम्हीही बघताच. उत्तरं वहीत लिहून घ्या आणि ज्या मैत्रिणी विरोधात आहेत त्यांनाच वाचायला सांगा.

काय ठरलं ते सोमवारी फोन करून कळवा. मी वाट बघते.