औंढ्याच्या देवळाचें बांधकाम

१९९९ सालीं परभणीपासून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्यांत औंढा नागनाथ हें क्षेत्र आहे. तेथील ज्योतिर्लिंग जमिनीच्या पातळीखालीं असून अरुंद वाटेनें उतरल्यावांचून त्याचें दर्शन घडत नाहीं. भाविकांची दृष्टि साहजिकच त्या पिंडीकडे लागलेली असते. परंतु देवळाच्या भिंतींपाशीं क्षणभर थांबणाऱ्यास दोन निरनिराळ्या काळांतील कारागिरांची ओळख पटते.

खालचें काळ्या पाषाणाचें काम यादवकालीन मानलें जातें. लोक त्यास हेमाडपंती म्हणतात. हेमाद्रि हा महादेव व रामचंद्र ह्या यादव राजांचा मंत्री. म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांतला. बांधकामाची ही पद्धति मात्र त्याच्याहून पुष्कळच जुनी आहे. अंबरनाथचें शिवमंदिर १०६० सालचें आहे. नांव मंत्र्याचें झालें. विद्या अनामिक पाथरवटांची होती.

ह्या पाथरवटांनीं सांध्यांत चुना घातला नाहीं. प्रत्येक चिरा असा घडविला कीं, तो शेजारच्या चिऱ्यांत नेमका बसावा आणि वरच्या थरांच्या भारानें जागच्या जागीं दाबून राहावा. भिंतींचा आराखडा ताऱ्यासारखा कोनाकोनांचा आहे. त्यामुळें छायाप्रकाशाची शोभा येतेच, शिवाय घडी घातलेल्या कागदाप्रमाणें भिंतीस ताठपणाहि येतो. मराठवाड्याची काळी माती पावसाळ्यांत फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते; म्हणून येथें जड इमारतीचा पाया मुरूम किंवा खडक लागेपर्यंत न्यावा लागतो.

वरचा भाग उत्तरकालीन असून वीट व चुन्याचा आहे. जीर्णोद्धाराचें श्रेय परंपरेनें अहिल्याबाई होळकरांस दिलें जातें. त्या १७९५ सालीं निवर्तल्या. काळ्या पाषाणाच्या एका घनमीटराचें वजन सुमारें २,८०० किलो भरतें. विटेच्या तेवढ्याच बांधकामाचें २,००० किलोंच्या आंत राहतें. जुन्या भिंतींवर नवें शिखर चढवितांना हा हलकेपणा उपकारक ठरतो. खालच्या कोरीव पाषाणाहून हें काम पाहतांच वेगळें दिसतें. जुन्याचें सोंग त्यानें घेतलेलें नाहीं.

आज जुन्या देवळांच्या डागडुजीस सिमेंट सहज हाताशीं असतें. तें लवकर घट्ट होतें, पण चुन्याप्रमाणें ओल बाहेर पडूं देत नाहीं. कोंडलेली ओल मग शेजारच्या विटा व दगड पोखरूं लागते. बिनचुन्याचे चिरे उतरवून पुन्हां बसवितां येतात. सिमेंटनें सांधलेले चिरे सोडवूं जातां बहुधा फुटतात. म्हणजे आजची घाईची दुरुस्ती पुढील पिढीची दुरुस्ती अशक्य करते.

एखाद्या जुन्या देवळाच्या जीर्णोद्धारास देणगी देणाऱ्या घरांनीं रक्कम किती जमली एवढेंच विचारून थांबूं नये. ती कोणत्या मालावर व कोणत्या जाणत्या हातांनीं खर्च होणार, हेंहि विचारावें. तो प्रश्न भक्तीस बाध आणणारा नाहीं; तो भक्तीचाच एक भाग आहे.