रूम सोडणारीचा हिशोब

आपल्या किती तरी लेकी शिक्षणासाठी, कंपनीतल्या कामासाठी शहरात तिघी-चौघी मिळून खोली घेऊन राहतात. आमच्या गटातल्या एका ताईंची लेक अशीच चाकणला राहते. पाचव्या महिन्यात तिच्या सोबतिणीचं लग्न ठरलं आणि ती आठ दिवसांत गावी गेली. खोलीचं भाडं ९,००० रुपये. तिघींत तीन-तीन हजार होते, ते दोघींवर साडेचार हजार आले. ताई म्हणाल्या, "पोरीला परतच बोलावते." दीड हजारापायी चांगली नोकरी जाते की काय, असं झालं. तेव्हा आम्ही बैठकीत हाच विषय घेतला.

पहिली गोष्ट करारनाम्याची. एक मुलगी गेली म्हणून मालक भाडं कमी करत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ सांगतो की करार लेखी आणि नोंदणी केलेला हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. करार बहुधा ११ महिन्यांचा असतो. सही करण्याआधी दोन गोष्टी वाचाव्यात : नोटीस किती दिवसांची, आणि मुदतीआधी खोली सोडली तर काय भरावं लागेल.

दुसरी गोष्ट डिपॉझिटची. जाणारी म्हणते, माझे ९,००० आत्ता द्या. पण पैसे तर मालकाकडे अडकलेले. मग राहणाऱ्या मुलींनी ते कुठून आणायचे? यावर साधा मार्ग आहे. जाणारीने महिनाभर आधी सांगावं. नवी मुलगी आली की तिने ९,००० जाणारीला द्यावेत. एक महिना जागा रिकामी राहिली, तर त्या महिन्याचे ३,००० वजा करून ६,००० द्यावेत, उरलेले ३,००० भाड्यात घालावेत. देणंघेणं बँकेतून किंवा फोनवरून करावं, म्हणजे पुरावा राहतो.

तिसरी गोष्ट नव्या मुलीची. मालकाला विचारल्याशिवाय तिला आणू नये. करारात जुनीचं नाव काढून नवीचं घालून घ्यावं आणि पोलीस ठाण्यात भाडेकरू म्हणून तिची माहिती द्यायला मालकाला सांगावं. ताईंच्या लेकीला अशी सोबतीण शेजारच्या गावच्या गटातूनच मिळाली.

जाणारीला दोष देऊ नये. लग्न, आजारपण, बदली कोणालाही चुकत नाही. आपल्या गटातून सभासद बाहेर पडते तेव्हा आपण तिची बचत, कर्ज, व्याज मांडतो आणि रजिस्टरवर सही घेतो. नियम आधीच ठरलेला असतो, म्हणून भांडण होत नाही. मुलींनीही खोलीत शिरतानाच असा एक कागद करावा आणि सगळ्यांनी सह्या कराव्यात.

पुढच्या बैठकीत एवढंच विचारा : कोणाची लेक भाड्याने राहते, आणि तिच्या कराराची प्रत घरी आहे का? नसेल, तर आजच फोटो मागवून घ्या.