काटा काय सांगतो आणि काय सांगत नाहीं

शरीराच्या वजनाचा विषय निघाला कीं दोन प्रकारचीं माणसें डोळ्यांसमोर उभीं राहतात. एक, वजनाच्या काट्यावर चढण्यास कचरणारा स्थूल गृहस्थ. आणि दुसरा, ‘आपल्या अंगावर मूठभर मांस नाहीं, मग आपणांस भीति कसली?’ असें म्हणून निश्चिंत राहणारा सडपातळ गृहस्थ. पहिल्यास डॉक्टर, नातलग आणि शेजारी हे सारेच उपदेश करीत असतात. दुसऱ्यास मात्र कोणी कांहीं सांगत नाहीं. आणि आपल्या देशांत पुष्कळदां सांगण्याची खरी गरज त्यालाच असते.

अतिस्थूलता आणि अतिकृशता हे दोन्ही दोषच होत, हा विचार या भूमीस नवा नाहीं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत निंद्य मानलेल्या आठ प्रकारच्या शरीरांचा उल्लेख आहे आणि त्यांपैकीं या दोहोंचाच विचार तेथें विस्तारानें केलेला आहे. अतिस्थूल माणसाचें आयुष्य घटतें, घाम, भूक आणि तहान त्यास प्रमाणाबाहेर पीडतात. तर अतिकृश माणसास श्रम, उपवास, रोग, औषध, फार ऊन किंवा फार थंडी यांपैकीं कांहींच सोसवत नाहीं, असें त्या ग्रंथाचें निरीक्षण आहे. प्रश्न इतकाच उरतो कीं स्थूल कोणास म्हणावें आणि कृश कोणास?

याचें उत्तर आंकड्यांत देण्याचा पाया केत्ले या बेल्जियन गणितज्ञानें एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत घातला. वजनाचे किलो घ्यावे आणि मीटरमधील उंचीच्या वर्गानें त्यांस भागावें, हें तें गणित. 1.65 मीटर उंचीच्या माणसाचें वजन 60 किलो असेल तर उत्तर सुमारें 22 येतें. 1972 सालीं अँसेल कीज आणि त्यांचे सहकारी यांनीं या आंकड्यास ‘बॉडी मास इंडेक्स’ हें नांव दिलें. 18.5 च्या खालीं कृश, 25 च्या वर स्थूलतेकडे झुकलेला आणि 30 च्या वर स्थूल, अशी जागतिक आरोग्य संघटनेची सर्वसाधारण वर्गवारी आहे. गणित सोपें आहे, आणि लक्षावधि माणसांचा एकत्र विचार करतांना तें फार उपयोगीहि पडतें. परंतु एकट्या माणसाचा न्याय करूं लागतांच त्याची मर्यादा उघडी पडते.

ती मर्यादा दाखविणारें एक सुंदर उदाहरण 2004 सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत छापून आलें. पुण्याचे डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉक्टर जॉन युडकिन यांनीं त्यांत स्वतःचींच शरीरें उदाहरणादाखल पुढें केलीं. दोघांचाहि निर्देशांक 22.3, म्हणजे काट्याच्या मतें दोघेहि सारखेच निरोगी. पण क्ष-किरणांच्या साह्यानें चरबी मोजली तेव्हां युडकिन यांच्या शरीरांत ती 9.1 टक्के भरली आणि याज्ञिक यांच्या शरीरांत 21.2 टक्के! युडकिन मॅरेथॉन धावणारे. तर रोज सकाळीं रुग्णालयांतील लिफ्टचें दार बंद होण्यापूर्वीं तें गांठण्यासाठीं धावणें हाच याज्ञिकांचा मुख्य व्यायाम, अशी मिस्किल कबुलीहि त्या लेखांत आहे.

परंतु हा भेद केवळ व्यायामाच्या आळसाचा नव्हे. त्याचीं मुळें पार गर्भाशयापर्यंत पोहोचतात. पुण्याजवळील सहा गांवांत 1993 पासून गर्भवती स्त्रिया आणि त्यांचीं मुलें यांचा अभ्यास सुरू झाला. तेथील बालकांचें जन्माच्या वेळचें सरासरी वजन सुमारें 2.7 किलो होतें. इंग्लंडांतील साउदॅम्प्टन येथील बालकांचें सुमारें 3.5 किलो. हीं आपलीं बाळें लांबीनें कमी, स्नायूंनीं कमी, पोटांतील अवयवांनींहि कमी. मात्र त्वचेखालील चरबी, विशेषतः पाठीवरची, त्या मानानें फारशी घटलेली नव्हती. वरून किडकिडीत आणि आंतून मेदयुक्त अशी ही ठेवण जन्मतःच दिसून आली. आईच्या पोषणाचा प्रश्न म्हणजेच पुढील पिढीच्या मधुमेहाचा प्रश्न, हें त्यावरून ध्यानांत येतें.

चरबी सर्वत्र सारखीच अपायकारक नसते. मांड्यांवरील आणि कमरेखालील चरबी बहुधा निरुपद्रवी असते. पोटाच्या आंत, आंतड्यांभोंवतीं आणि यकृतांत सांठणारी चरबी मात्र घातक ठरते. तिच्यामुळें इन्सुलिन या रसाचा प्रभाव मंदावतो, रक्तांतील साखर आणि मेद वाढतात, रक्तदाब चढूं लागतो. जेवणानंतर रक्तांत येणारी साखर सामावून घेण्याचें मोठें कोठार म्हणजे स्नायु. तें कोठारच लहान असेल तर साखरेनें जावें कोठें? सडपातळ दिसणाऱ्या माणसास चाळिशीच्या आंत मधुमेह जडतो, त्याचें एक इंगित येथें आहे.

म्हणून आशियाई लोकांच्या बाबतींत 23 पासूनच सावध व्हावें, असा सल्ला तज्ज्ञ देतात. त्याहून सोपें साधन म्हणजे शिंप्याची फीत. शेवटची बरगडी आणि कमरेचें हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, घेर मोजावा. भारतीय पुरुषांत तो 90 सेंटिमीटर आणि स्त्रियांत 80 सेंटिमीटर यांच्या आंत असावा.

याचा अर्थ जादा वजन क्षम्य आहे असा नव्हे. वाढलेलें वजन गुडघे झिजवितें, झोपेंत श्वास अडवितें, हृदयावर भार टाकतें. पण उपाय म्हणजे उपासमार नव्हे. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या 531 भारतीयांवर झालेल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष 2006 सालीं प्रसिद्ध झाले. नेहमींच्या सल्ल्यावर ठेवलेल्यांपैकीं 55 टक्के लोक तीन वर्षांत मधुमेही झाले. आहार सुधारून नियमित चालणाऱ्यांत हेंच प्रमाण सुमारें 39 टक्के राहिलें. नवल हें कीं या दुसऱ्या गटाचें वजन फारसें उतरलेलें नव्हतें! काटा हलला नाहीं, तरी शरीर आंतून सुधारलें.

आणि दुसरें टोक विसरतां येत नाहीं. अन्नाच्या अभावीं घटलेलें शरीर क्षयाला लवकर बळी पडतें. झारखंडांत 2019 ते 2022 या काळांत झालेल्या प्रयोगांत क्षयरोग्याबरोबर त्याच्या घरांतील इतर माणसांनाहि तांदूळ आणि डाळ यांचा शिधा दिला गेला. त्या घरांतून क्षयाचा नवा शिरकाव 39 टक्क्यांनीं कमी झाला. एकाच गांवांत एका घरीं वजन वाढणें हें संकट, तर शेजारच्या घरीं तेंच जीवदान ठरतें.

तेव्हां वजनाचा आंकडा हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. त्याची साक्ष ऐकावी. पण कमरेचा घेर, चालण्याचा दम, रक्तांतील साखर आणि रक्तदाब यांचीहि साक्ष काढावी. स्थूल माणसास हिणवून त्याचा एक तोळाहि कमी होत नाहीं. उलट तो खिन्न होऊन घरांत बसतो आणि खाण्यांतच समाधान शोधतो. घरांतल्या लठ्ठ मुलाची थट्टा करण्यापेक्षां संध्याकाळीं त्याच्याबरोबर चालावयास निघणें अधिक हिताचें. आणि त्या वेळीं त्याच्या सडपातळ भावासहि हांक मारण्यास विसरूं नये.