कॅसेटचा आवाज खरंच ‘गोड’ असतो का?

आजचा विषय घरोघरच्या भांडणाचा आहे. बाबा म्हणतात, “कॅसेटचा आवाज गोड होता, तुमच्या मोबाईलच्या गाण्यात जीवच नाही.” आपण म्हणतो, “बाबा, त्यात नुसती खरखर आहे.” आज याचा निकाल लावूनच टाकू.

आधी कॅसेट. फिलिप्स कंपनीनं ती १९६३ साली आणली. आतली रीळ चार मिलिमीटरपेक्षाही अरुंद, तिच्यावर लोहाच्या ऑक्साइडचा थर, आणि वेग सेकंदाला जेमतेम पावणेपाच सेंटिमीटर. एवढ्याशा जागेत दोन बाजू, प्रत्येक बाजूला डावा-उजवा आवाज. म्हणजे चार रांगा! मग मागे ‘सूंऽऽ’ असा आवाज येणारच. टेपमधला रबरी पट्टा सैल झाला की सूरही डुलायला लागतो.

मग गोडवा कुठून येतो? मोठा आवाज रिळेवर गेला की ती तो पूर्ण पेलू शकत नाही. आवाजाची टोकं ती गोल करते, थोडे जादा स्वर मिसळते, आणि झांजेसारखे वरचे आवाज जरा दाबते. कानाला ते मऊ लागतं. म्हणजे बाबांचा कान खोटं सांगत नाही बरं का. फक्त तो गोडवा गाण्यात नव्हता, रिळेनं घातला होता.

आता मोबाईल. सीडीच्या दर्जाच्या आवाजात एका सेकंदाचे ४४,१०० नमुने घेतले जातात. डेटा वाचवण्यासाठी बरीच ॲप्स त्यातला बराच भाग काढून टाकतात, कानाला सहसा कळणार नाही असा. सूं आवाज नाही, सूर हलत नाही. पण आपण काय करतो? डेटा सेव्हर चालू ठेवतो, वरून ब्लूटूथनं स्पीकर जोडतो. बऱ्याचदा तिथं आवाज पुन्हा एकदा दाबला जातो. आणि मग म्हणतो, मोबाईलमध्ये मजा नाही!

खरी तुलना करायची तर अशी करा. गाणं एकच घ्या. मोबाईल वायरनं ॲम्प्लिफायरला जोडा, ॲपमध्ये सगळ्यात वरची क्वालिटी निवडा. टेपचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. दोन्हींचा आवाज सारखा ठेवा, कारण जो किंचित मोठा असतो तोच आपल्याला चांगला वाटतो. आणि ऐकणाऱ्याला काय चालू आहे ते सांगू नका.

मी यवतमाळला घरच्या स्टीरिओवर हे करून पाहिलं. तबल्याची बोटं, गायकाचा श्वास, शब्दाचा शेवट, सगळं मोबाईलवर जास्त साफ. कॅसेट मऊ, पण धूसर.

अजून एक गंमत. आपण ॲपवर जुनी गाणी ऐकतो ना, त्यातली कितीतरी स्टुडिओत टेपवरच रेकॉर्ड झाली होती. बाजारातली कॅसेट म्हणजे त्या टेपच्या कॉपीची कॉपी, तीही बहुतेक वेळा कितीतरी पट वेगानं काढलेली. त्यामुळे नीट केलेली डिजिटल प्रत मूळ टेपच्या जास्त जवळ असू शकते. हां, नवी प्रत काढताना कोणी सगळंच मोठ्या आवाजात कोंबलं असेल, तर मात्र कान दमतो.

तर बाजारात मिळणाऱ्या गाण्यांपुरता निकाल मोबाईलच्या बाजूनं. पण मंडळी, एका कॅसेटपुढे मोबाईल सपशेल हरतो. जी कुठल्याच ॲपवर नाही ती!

टेपला रेकॉर्डचं बटण होतं, हे आपण विसरतो. पुसद, दिग्रस, आर्णीकडच्या तांड्यावरची होळीची लेंगी, गावातल्या मंडळाचं खंजिरीभजन, भीमजयंतीचं गाणं, लग्नातला कल्ला, आजीची जात्यावरची ओवी. कोणी टेप मधे ठेवून असं काही भरून घेतलं असेल, तर जगात त्याची तेवढी एकच प्रत आहे. आणि ती आहे कुठे? माळ्यावर, टिनाच्या खाली. आपल्याकडचा उन्हाळा ४४-४५ अंशांचा, त्यानंतर पावसाळ्याची ओल. रीळ चिकटते, बुरशी धरते.

म्हणून ऐकायच्या आधी वाचवा. कॅसेटच्या मागच्या कडेला प्लास्टिकच्या दोन बारीक पट्ट्या असतात, त्या तोडा. मग चुकूनही वरून रेकॉर्ड होणार नाही. बुरशी दिसली तर टेपमध्ये घालूच नका, जाणकाराकडे न्या. रीळ चांगली असेल तर एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे फिरवा. टेपच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढून लॅपटॉपच्या लाइन-इनला जोडा आणि ऑडॅसिटी या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड करा. फाईल वेव्ह प्रकारची ठेवा. साठ मिनिटांच्या कॅसेटला साधारण ६३५ एमबी लागतात. स्पीकरसमोर मोबाईल धरून रेकॉर्ड करू नका, पंख्याचा आवाजही येईल. सूं आवाज काढायची घाई नको. मूळ फाईल तशीच ठेवा, सफाई कॉपीवर करा.

आणि हे काम घरातल्या मोठ्यांना शेजारी बसवून करा. हा आवाज कोणाचा, गाव कोणतं, साल कोणतं, ते त्यांना विचारून फाईलच्या नावात लिहा. फाईल कितीही साफ असली, तरी कोण गातंय हे ती सांगत नाही. ते सांगणारी माणसं आज घरात आहेत, तोवर विचारून घ्या.

तुमच्या माळ्यावर काय सापडलं ते कळवा. भेटू पुढच्या भागात!