खुर्ची आणि रस्ता
(विहाराच्या वर्धापनदिनी शेंद्रा येथे केलेले भाषण)



आम्ही गिरणीत पाळी करणारी माणसं. शाळा थोडी, वाचन पाळी सुटल्यावरचं. चुकलं तर पदरात घ्या. आज बोलायचंय ते दादासाहेब, म्हणजे रा. सू. गवई यांच्याविषयी.

अमरावती जिल्ह्यातल्या दारापूरचा हा रिपब्लिकन कार्यकर्ता. १९६८ साली विधान परिषदेचे उपसभापती, १९७८ साली सभापती झाले. २००६ साली बिहारचे राज्यपाल झाले. बुद्धगया ज्या राज्यात आहे, त्याच राज्याचे! पुढे २००८ ते २०११ केरळचे. २५ जुलै २०१५ रोजी ते गेले.

अभिमान वाटतोच. पण एक गोष्ट पोराबाळांना जरूर सांगा. २७ जुलै १९७८ रोजी दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला. वरच्या सभागृहाचे सभापती त्या साली दादासाहेबच होते. तिकडे ठराव झाला, इकडे मराठवाड्यात आपली घरं जळाली. आम्ही तेव्हा शाळकरी पोरं. मोठी माणसं रात्री दबक्या आवाजात बोलायची, तेवढं आठवतं. नाव लागलं १४ जानेवारी १९९४ ला. साडेपंधरा वर्षं! लाँग मार्च निघाला, माणसं तुरुंगात गेली, कैक शहीद झाली.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच, की मोठ्या खुर्चीत आपला माणूस बसलाच पाहिजे. पण तिथं झालेला ठराव गावात उतरवायला आपल्यालाच रस्त्यावर यावं लागतं. नुसते सत्काराचे हार घालून घरी बसू नका. पोरं शिकवा, विहारात या, आणि पदावरच्या माणसाला प्रश्न विचारा, मग तो आपला का असेना.

जय भीम! नमो बुद्धाय!