आधी मोजा, मग बदला
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय 'माझा छंद'. तो तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. कार्यानुभवाच्या तासाला बाकीचे जण खडू नि मेणबत्त्या करायचे, तेव्हा आम्ही तिघे-चौघे सोल्डरच्या धुरात बसलेले असायचो. पुढे नोकरीही कारखान्याच्या मेंटेनन्स खात्यात लागली. म्हणजे आयुष्यभर पगार घेतला तो बंद पडलेल्या वस्तूंच्याच जिवावर! आज बोलणार आहे तेही बंद पडलेल्या सर्किटांविषयीच. दुपारच्या जेवणानंतर आपल्या बॅचच्या निधीतून शाळेला काय द्यायचं, हे ठरायचं आहे. त्याबद्दल माझं एक म्हणणं आहे, पण त्याआधी थोडं सर्किटांबद्दल ऐकून घ्या.

हातानं जोडलेलं सर्किट पहिल्या झटक्यात चाललं तर नशीब समजायचं. बहुतेक वेळा बटण दाबलं की काहीच होत नाही. दिवा लागत नाही, आवाज येत नाही, साधा धूरसुद्धा येत नाही. अशा वेळी माणसाचा हात आपोआप पार्ट बदलायला जातो. ट्रान्झिस्टर बदलून बघू, आयसी बदलून बघू. आपल्या वेळी ही चैन नव्हती. गावातून कुणी मुंबईला निघालं की त्याच्या खिशात लॅमिंग्टन रोडची यादी कोंबायची: बीसी १४८ दोन, ओए ७९ एक, १०० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर दोन. मग तो परत येईपर्यंत वाट बघायची. हातात एकच ट्रान्झिस्टर असला, की तो खराब आहे असं म्हणण्याआधी दहा वेळा तपासावा लागायचा. आमचे विज्ञानाचे सर बाकाजवळ येऊन एवढंच विचारायचे, "मोजलंस का?" उत्तर 'नाही' असलं, की सर पुढच्या बाकाकडे. सर आज पहिल्या रांगेत बसलेत आणि हसताहेत, म्हणजे त्यांनाही आठवत असावं.

मोजायचं म्हणजे काय, ते एका साध्या सर्किटावर सांगतो. दिवा लुकलुकवणारं सर्किट बहुतेक जण ५५५ या आयसीवर करतात. हा आठ पायांचा आयसी हान्स कामेन्झिंड या अभियंत्यानं १९७१ साली सिग्नेटिक्स कंपनीसाठी तयार केला. पन्नास वर्षं उलटली, तरी तो आजही दुकानात सहज मिळतो. समजा, सर्किट जोडलं आणि एलईडी लुकलुकत नाही. बॅटरीवर मीटर लावलं तर ९ व्होल्ट दिसतात. इथे बरेच जण "सप्लाय ठीक आहे" म्हणून पुढे जातात. पण सप्लाय बॅटरीवर असून भागत नाही, तो आयसीच्या पायांवर पोचला पाहिजे. म्हणून मीटरचं एक टोक पाय १ वर आणि दुसरं पाय ८ वर ठेवायचं. काही ब्रेडबोर्डांमध्ये कडेची सप्लायची पट्टी आतून मधोमध तुटलेली असते. डाव्या अर्ध्या भागात ९ व्होल्ट आणि उजव्या अर्ध्या भागात शून्य! वरून बघून ते पटकन लक्षात येत नाही, मीटरला मात्र लगेच कळतं.

सप्लाय पोचला असेल तर पाय ४ बघायचा. तो रीसेटचा. तो ग्राउंडला लागला असेल तर आयसी गप्प बसून राहतो. मग पाय २ आणि ६. हे दोन्ही एकत्र जोडून त्यांना कपॅसिटर लावलेला असतो. तो सप्लायच्या दोन तृतीयांशापर्यंत भरतो, एक तृतीयांशापर्यंत उतरतो आणि पुन्हा भरू लागतो. म्हणजे ९ व्होल्टवर ३ ते ६ च्या दरम्यान हेलकावे खातो. पण हे इतक्या भरभर होतं की मीटरवरचे आकडे नुसते पळत राहतात. यावर युक्ती अशी, की सर्किटालाच सावकाश चालायला लावायचं. १० किलोओहम आणि १०० किलोओहमचे रेझिस्टर असतील, तर १० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरवर एक फेरा सुमारे दीड सेकंदाचा होतो. कपॅसिटर १०० चा घातला की तोच फेरा साडेचौदा सेकंदांचा. आता आकडा चढताना आणि उतरताना स्वच्छ दिसतो. चढतच नसेल तर दोष रेझिस्टरच्या बाजूला शोधायचा. ६ ओलांडून थेट ९ कडे गेला, तर पाय ६ किंवा ७ ची जोडणी बघायची. ३ ते ६ मध्ये नीट हलत असेल आणि तरीही दिवा लागत नसेल, तर शोध पाय ३ कडे आणि त्याच्या पुढे न्यायचा. बहुतेक वेळा तिथे एलईडी उलटा बसवलेला सापडतो.

बघा, यात एकही पार्ट आंधळेपणानं बदललेला नाही. दर वेळी सर्किटाला एक प्रश्न विचारला आणि प्रत्येक उत्तरानं संशयाची जागा निम्मी केली.

आता गेल्या वर्षीची गोष्ट सांगतो. आपल्याच शाळेतल्या नववीच्या दोन मुली आमच्या कॉलनीत राहतात. त्यांनी विज्ञान प्रदर्शनासाठी पाण्याच्या टाकीचा गजर केला होता. टाकीच्या वरच्या कडेला दोन तांब्याच्या तारा सोडलेल्या. पाणी तिथपर्यंत आलं, की त्यातून बारीकसा प्रवाह वाहतो, तो बीसी ५४७ च्या बेसला मिळतो आणि खाली घरात बझर वाजतो, एलईडी लागतो. सप्लाय ९ व्होल्टच्या अडॅप्टरचा. बझरला वेगळं बटण, म्हणजे आवाज बंद करता येतो, पण सर्किट दिवसभर चालू राहतं. तीन आठवडे गजर उत्तम चालला. मग एलईडी मंद होत गेला आणि एक दिवस टाकी भरून वाहिली तरी बझर वाजला नाही. प्रदर्शन दोन दिवसांवर आलेलं. घरच्यांचा सल्ला होता, "बाजारात तयार गजर मिळतो, तोच आणून डब्यात बसवा." मुली रडवेल्या होऊन माझ्याकडे आल्या. "काका, ट्रान्झिस्टर जळला का?"

मी त्यांच्या हातात मीटर दिलं. सप्लाय सर्किटावर ९ व्होल्ट. मग टाकीकडून आलेल्या दोन्ही तारांची टोकं सर्किटापाशी एकमेकींना टेकवायला सांगितली. बेसच्या वाटेवर १० किलोओहमचा रेझिस्टर होता, त्यामुळे त्यात धोका नव्हता. बझर खणखणीत वाजला! म्हणजे ट्रान्झिस्टर, बझर, एलईडी सगळं धडधाकट. दोष तारांमध्ये किंवा टाकीत. मग एक मुलगी गच्चीवर गेली आणि तिनं टाकीतल्या दोन्ही टोकांवर स्क्रू-ड्रायव्हर आडवा टेकवला. खालून दुसरी ओरडली, "वाजला गं!" म्हणजे ताराही ठीक. आता उरलं काय? तारांची टोकं आणि पाणी.

टोकं बाहेर काढली. एका तारेचं तांबं तसंच होतं. दुसरीवर हिरवट थर चढलेला आणि आतली तार झिजून केसासारखी झालेली. मी विचारलं, "दोन्ही एकाच पाण्यात होत्या, मग एकीचेच असे हाल का?" दोघी गप्प. मग तार कुठे जाते ते त्यांनी हातानं चाचपत शोधलं. झिजलेली तार अडॅप्टरच्या अधिक टोकाला जोडलेली होती. त्यातल्या एकीचा चेहरा एकदम उजळला. "काका, हे तर विद्युत अपघटन! हा धनाग्र आहे." पुस्तकातली व्याख्या तिला पाठ होती. धनाग्राचं तांबं द्रावणात उतरतं, हे तिनं परीक्षेत लिहिलंही होतं. पण ते आपल्या गच्चीवरच्या टाकीतही चालू असेल, हे तिला त्या क्षणापर्यंत सुचलं नव्हतं.

पुढचे उपाय त्यांनीच काढले. तांब्याऐवजी स्टेनलेस स्टीलचे स्क्रू लावले. सर्किट सतत चालू न ठेवता पंप सुरू असेल तेवढाच वेळ चालू ठेवायचं ठरवलं. आणि प्रदर्शनात एका पुठ्ठ्यावर ती झिजलेली तार आणि चांगली तार शेजारी शेजारी चिकटवून खाली कारण लिहिलं. मी तिथे तासभर उभा होतो. लोक गजर ऐकून पुढे जायचे आणि त्या पुठ्ठ्यापाशी थांबून प्रश्न विचारायचे.

तयार गजर आणला असता, तर तोही वाजला असताच. मुलींना मात्र धनाग्र कधीच भेटला नसता.

म्हणून आता निधीचं बोलतो. आपल्यासमोर रोबोटिक्सच्या तयार संचांची माहितीपत्रकं आली आहेत. संच वाईट आहेत असं मी म्हणत नाही. लहान मुलांना त्यातून गोडी लागते. पण त्यांचे तुकडे चुकीचे बसूच नयेत, अशी सोय केलेली असते. शाळेत उत्तर बरोबर आलं की मार्क मिळतात आणि प्रकरण मिटतं. उत्तर चुकलं तर ते का चुकलं, हे शांतपणे शोधायला मुलांना जागा कुठे आहे? ती जागा आपण देऊ. त्याच पैशांत काही मल्टिमीटर, सोल्डरिंग आयर्न, पार्ट ठेवायला खणांचं कपाट आणि एक लांब टेबल येईल. टेबलाखाली आपल्या घरांतल्या बंद वस्तूंचं एक खोकं ठेवू: रेडिओ, खेळणी, टॉर्च, भिंतीवरची घड्याळं. नियम एकच, २३० व्होल्टच्या वाटेला जायचं नाही. जे काही करायचं ते बॅटरीवर किंवा अडॅप्टरवर.

पण नुसत्या सामानानं काही होणार नाही. कुलूप लावलेली कपाटं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. तिथे कुणीतरी बसलं पाहिजे, आणि त्यानं उत्तर सांगायचं नाही, मोजायला लावायचं. आपल्या बॅचमध्ये टीव्ही दुरुस्त करणारा आहे, मोटर वायंडिंग करणारा आहे, दोघी जणी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतात. महिन्यातला पहिला आणि तिसरा शनिवार मी द्यायला तयार आहे. उरलेले दोन कोण घेतं, ते जेवणानंतर सांगा.